एक आधण प्रयोगाचं



हंगाम आला की पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांतून गुऱ्हाळं पेटतात. काहिलीत रस उकळू लागला की गुळव्याइतकाच घरधन्याच्याही जिवाला घोर. एक आधण बिघडलं तर गूळ काळा पडतो, सौद्यात भाव पडतो. मग नवं करून बघायचं कुणी?

ज्याची उचल ऊस तुटायच्या आधीच संपली, त्याला आळशी म्हणू नका. फसलेलं आधण सोसायला त्याच्या हाताशी काही शिल्लकच नसतं. उलट ज्याचं भरपूर आहे, त्याला नव्याची गरज वाटत नाही. नितीन नोहरिया आणि रंजय गुलाटी या अभ्यासकांनी १९९६ साली मोठ्या कंपन्यांबद्दल हेच मांडलं: शिल्लक फार कमी नको, फार जास्तही नको; बेताची असली की नवं घडतं.

शिल्लक म्हणजे नुसती रोकड नव्हे. चुलवाण सुधारून वाचलेली चिपाडं, जुन्या गुळव्याची एक मोकळी दुपार, हीसुद्धा शिल्लकच.

तेव्हा यंदा एक लहान आधण प्रयोगाला काढा. रसायन न घालता नुसत्या भेंडीनं मळी काढून बघा. ढेपेऐवजी लहान वड्या पाडा, गुळाची पावडर करा. रस किती, जळण किती, भाव काय मिळाला, ते घरातल्या शिकल्या लेकीकडून वहीत लिहून घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाला साजेसा माल आपणच करायचा आहे.

फसलं तर घरी खाऊ. बियाणं आपण मागं ठेवतोच ना? हे आधणही तसंच समजा.