बाकं वळवली म्हणजे गट झाला?

शाळेतल्या गटकार्याचं चित्र ठरलेलं असतं. सहा मुलं, एक तक्ता. एक हुशार मुलगी सगळं लिहून काढते, चांगल्या अक्षराचा एक जण शीर्षक रंगवतो, उरलेले खाली नावं घालतात. गुण मात्र सगळ्यांना सारखेच. यात मुलांचा दोष नाही. कामच असं दिलेलं असतं की ते एकटीला जमावं.

१९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. मदतीला बोलावलेले मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आधी वर्गात बसून राहिले. शिक्षकाचा प्रश्न, वर गेलेले हात, एकाचं चुकलं की दुसऱ्याची चंगळ. ही चढाओढच भांडणाला खतपाणी घालते, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग पाचवीच्या मुलांचे पाच-सहा जणांचे मिश्र गट केले गेले. थोरामोठ्यांच्या चरित्राचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. तोच तुकडा मिळालेली निरनिराळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करत, मग आपापल्या गटात जाऊन शिकवत. परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची, तीही पूर्ण चरित्रावर.

मेक्सिकन वंशाचा एक मुलगा इंग्रजीत अडखळायचा. गटातल्यांनी त्याची टर उडवली. तिथल्या एका मदतनिसाने त्यांना एवढंच सांगितलं की याच्याकडे आहे ते तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही आणि परीक्षा थोड्या वेळात आहे. हळूहळू टर थांबली. मुलं त्याला नीट प्रश्न विचारू लागली आणि तोही मोकळा झाला.

प्रत्येकाचा वाटा ज्यावाचून इतरांचं अडेल असा हवा आणि तपासणी प्रत्येकाची स्वतंत्र हवी. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे बंधूही याच दोन अटींवर भर देत आले. आपल्याकडच्या प्रकल्पांत नेमक्या याच दोन्ही गळतात. अशा पद्धतीत वेळ जातो, पहिल्यांदा गोंधळही होतो, ते मान्यच. गटप्रमुख नेमून मोकळं होणं सोपं असतं.

उदाहरणार्थ शिवचरित्र घ्यावं. प्रतापगड, पन्हाळा, लाल महाल, आग्रा, राज्याभिषेक. पाच मुलं, पाच प्रसंग. शेवटी प्रत्येकाला पाचही प्रसंगांवर प्रश्न. तक्त्याचे गुण गटाला देण्याआधी शिक्षकांनी या सत्रात हा एक तास तरी घेऊन पाहावा.