त्या बटणांवर कुणाचा हात?



'डीजे' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं, सांगू? ट्रकवर रचलेली स्पीकरची उंचच उंच भिंत, छातीत धडधड करणारा आवाज आणि गॅलरीत कानात बोटं घालून उभे असलेले आजोबा! वरातीत किंवा मिरवणुकीत 'डीजे आला रे आला' असं आपण ओरडतो, तेव्हा त्या भिंतीलाच डीजे म्हणत असतो. पण डीजे ही वस्तू नव्हे बरं का, डीजे म्हणजे माणूस! डिस्क म्हणजे गाण्याची तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीतला घोडेस्वार. तबकडीवर स्वार होऊन गाण्यांना हवं तसं पळवणारा, तो डिस्क जॉकी. पळवणारा, किंवा पळवणारी!

आज आपण या 'पळवणारी'बद्दलच बोलणार आहोत. कारण ती जगात आहे, चांगली तयारीची आहे, पण दिसते मात्र फार कमी.

आधी डीजेचं काम काय असतं ते पाहू. त्याच्यासमोर गाणी वाजवणारी दोन यंत्रं असतात आणि मध्ये एक मिक्सर. चटणी वाटायचा नव्हे, आवाज मिसळायचा! एका यंत्रावर गाणं चालू असतं. लोक नाचत असतात. तेवढ्यात डीजे हेडफोन एका कानाला लावून पुढचं गाणं ऐकतो. समजा, पहिल्या गाण्यात मिनिटाला १०० ठोके आहेत आणि दुसऱ्यात १०५. तसंच जोडलं तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळणार. मग डीजे एक पट्टी सरकवून पहिल्या गाण्याचा वेग हळूहळू पाच टक्क्यांनी वाढवतो. ठोक्यावर ठोका बसला की दुसरं गाणं आत सोडतो. एक गाणं कधी संपलं नि दुसरं कधी सुरू झालं, कुणाला कळतही नाही. म्हणजे या कामाला काय लागतं? तयार कान, हाताची सफाई, थोडं गणित आणि समोरच्या गर्दीचा मूड ओळखण्याची नजर. यातली कोणती गोष्ट मुलींकडे नसते? सांगा पाहू!

तरीही आकडा ऐका. 'डीजे मॅग' नावाचं एक ब्रिटिश मासिक आहे. ते दरवर्षी वाचकांची मतं घेऊन जगातल्या पहिल्या १०० डीजेंची यादी काढतं. १९९७पासून २०२४पर्यंतच्या याद्यांत पहिल्या क्रमांकावर एकदाही, अगदी एकदाही, बाई आलेली नाही.

का बरं? या 'का'ला आजवर निरनिराळी उत्तरं दिली गेली. आपण ती एकेक करून तपासू या. पण त्याआधी एका बहिणीची गोष्ट.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा गरीब वस्त्यांचा भाग. तिथल्या सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाची मुलगी राहत होती. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे हवे होते. पैसे कुठून आणायचे? तिनं एक युक्ती काढली. इमारतीतली एक मोठी खोली भाड्यानं घेऊन तिनं नाचगाण्याची पार्टी ठेवली. आमंत्रणं हातानं लिहिली. तिकीट मुलींना पाव डॉलर, मुलांना अर्धा डॉलर. आणि गाणी वाजवायला बसवलं कुणाला? आपल्या १८ वर्षांच्या भावाला, क्लाइव्हला.

हा क्लाइव्ह म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेला डीजे कूल हर्क. गाण्यात जिथं नुसता ताल वाजतो, तो तुकडा लोकांना नाचायला सगळ्यात जास्त आवडतो, हे त्यानं हेरलं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा आलटून पालटून वाजवू लागला. यातूनच हिप-हॉप संगीत जन्माला आलं असं मानतात आणि ती पार्टी हा त्याचा वाढदिवस समजला जातो. भावाचं नाव इतिहासात ठळक अक्षरांत लिहिलं गेलं. ते योग्यच झालं. पण पार्टीची कल्पना जिची, हिशेब जिचा आणि आमंत्रणं जिची, त्या बहिणीचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

आता ती उत्तरं तपासू.

पहिलं उत्तर : 'लोकांना बाईचा आवाज चालणार नाही.' ब्रिटनमध्ये १९६७ साली बीबीसीनं तरुणांसाठी 'रेडिओ वन' हे केंद्र सुरू केलं. रेडिओवर गाणी लावून मध्ये मध्ये गप्पा मारणाऱ्यांनाही डीजेच म्हणतात. ॲनी नाइटिंगेल या पत्रकार तरुणीनं तिथं काम मागितलं. तिला काय कारण सांगितलं गेलं माहीत आहे? दिवसा घरी गृहिणी रेडिओ ऐकतात, नवरा कामावर गेलेला असतो, तेव्हा त्यांना सोबतीला पुरुषाचाच आवाज हवा! गंमत पाहा, गृहिणींना काय हवं हे एकाही गृहिणीला न विचारता ठरवलं गेलं. ॲनीनं पिच्छा सोडला नाही. १९७० साली ती रेडिओ वनवरची पहिली स्त्री डीजे झाली आणि मग ५० वर्षांहून अधिक काळ तिथं गाणी लावत राहिली. त्या केंद्रावर तिच्याइतकं दुसरं कुणीही टिकलं नाही. २०२४च्या जानेवारीत ती वारली. लोकांना बाईचा आवाज चालला की नाही, ते तुम्हीच ठरवा.

पण याच गोष्टीतला एक आकडा लक्षात ठेवा. ॲनी आली १९७० साली. तिच्यानंतर दुसरी स्त्री डीजे तिथं केव्हा आली? १९८२ साली! मधली बारा वर्षं ती एकटीच. पहिलीतलं मूल बारावी पास होईल एवढा काळ! म्हणजे एकीला आत घेतलं की दार उघडलं असं होत नाही. पुष्कळदा एकीला घेऊन दार पुन्हा लावून टाकतात आणि वर म्हणतात, 'आहे की आमच्याकडे एक बाई!'

दुसरं उत्तर : 'यंत्रं म्हणजे मुलींचं काम नव्हे.' आता डेलिया डर्बिशायर हिला भेटा. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली हुशार मुलगी. १९५९ साली तिनं डेका या गाण्यांच्या कंपनीत अर्ज केला. उत्तर आलं, रेकॉर्डिंग स्टुडिओत आम्ही बायकांना नोकरी देत नाही. पुढे ती बीबीसीच्या ध्वनी-प्रयोगशाळेत लागली. ही प्रयोगशाळा १९५८ साली उभारण्यात डॅफ्नी ओरॅम या दुसऱ्या एका बाईचा मोठा वाटा होता, बरं का! १९६३ साली 'डॉक्टर हू' ही दूरदर्शन मालिका सुरू झाली. तिचं सुरुवातीचं संगीत डेलियानं तयार केलं. सिंथेसायझर न वापरता! वेगवेगळे ध्वनी टेपवर घ्यायचे, टेप ब्लेडनं कापायची, तुकडे चिकटवायचे आणि त्यातून एकेक सूर उभा करायचा. आजचे डीजे बटण दाबून जे करतात, ते ती कापून-चिकटवून करत होती. संगीतकार रॉन ग्रेनर यांना तिचं नाव आपल्याबरोबर यावं असं वाटत होतं, पण बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ साली. मालिकेला ५० वर्षं झाली होती आणि डेलियाला जाऊन १२.

आपल्याकडेही असं घडलं आहे. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९३५पासून संगीत देणाऱ्या सरस्वतीदेवी मूळच्या पारशी, खोर्शेद मिनोचर-होमजी. घरंदाज मुलीनं सिनेमात काम करणं समाजाला पसंत नव्हतं, म्हणून त्यांना नावच बदलावं लागलं. पुढे १९५९ साली 'दिल देके देखो'पासून उषा खन्ना आल्या. पण गायिकांची नावं मोजायला बसलात तर वही पुरणार नाही आणि स्त्री संगीतकारांची मोजायला दोन हातांची बोटं पुरेशी होतील. म्हणजे आवाज तिचा चालतो. तो आवाज कसा, कधी, किती वाजवायचा हे ठरवणारा हात मात्र बहुतेक वेळा त्याचा असतो!

तिसरं उत्तर : 'अहो, ओझं केवढं असतं!' हे खरंच होतं. मोठ्या तबकडीचं वजन साधारण दीडशे ग्रॅम. ८० तबकड्या घेतल्या की नुसत्या त्यांचेच १२ किलो, शिवाय यंत्रं वेगळी. पण आता गाणी मावतात पेनड्राइव्हमध्ये. तो तर बालवाडीतलं मूलही उचलेल! ओझं गेलं, तरी डीजेच्या जागेवर मुली फारशा दिसत नाहीत. म्हणजे कारण ओझ्यात नव्हतंच. आणि ओझ्याचंच म्हणाल, तर पुण्याची मिरवणूक बघा. कमरेला भलाथोरला ढोल बांधून तासन् तास वाजवणाऱ्या कितीतरी मुली तिथं दिसतात. एके काळी हेसुद्धा पुरुषांचंच काम मानलं जायचं. मुली पथकात शिरल्या कशा? त्यांना सरावाला यायची मुभा मिळाली, हातात टिपरू मिळालं, आणि एकटीदुकटी न येता त्या घोळक्यानं आल्या.

इथंच खरी गोम आहे. डीजेचं काम कॉलेजात शिकून येणारे थोडे. बहुतेक जण कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकतात. दादाचा मित्र साउंड सिस्टीम लावतो, त्याच्याबरोबर वायरी गुंडाळायला जायचं, 'जरा हे बटण धर' म्हणाला की धरायचं, पाहता पाहता एक दिवस गाणं लावायचं. त्या वायरी गुंडाळायला बोलावतात मुलाला. मुलीला ऐकू येतं, 'हात लावू नकोस, बिघडेल!' मग तिला सवय होत नाही. सवय नाही म्हणून तिचं नाव पुढे येत नाही. नाव येत नाही म्हणून कार्यक्रम करणारे म्हणतात, 'बायका डीजे मिळतच नाहीत हो!' आणि पोस्टरवर एकही मुलगी न दिसल्यामुळे पुढच्या मुलीला हे आपलं काम आहे असं वाटत नाही. कोंबडी आधी की अंडं आधी, तसलाच हा प्रकार!

हे चक्र लहान वयातच तोडता येतं. घानामध्ये 'डीजे स्विच' या नावानं गाजलेल्या मुलीनं २०१७ साली मुलांची टीव्हीवरची एक स्पर्धा जिंकली. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी तिला तिथल्या डीजे पुरस्कारांत पुरस्कार मिळाला. उंची कमी, म्हणून तिनं थांबायचं की टेबल तिच्या उंचीचं करायचं? उत्तर सोपं आहे, नाही का?

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. डीजेचं काम बहुधा रात्री चालतं. मुलगी एवढ्या उशिरा घरी कशी येणार, ही तुमची काळजी खोटी नाही. पण काळजीचं उत्तर 'तू जाऊ नकोस' हे एकच असतं का? परतीची गाडी, सोबत आणि वेळेवर पैसे ही कार्यक्रम करणाऱ्यांची जबाबदारी आहे. ती त्यांनी पार पाडावी असा आग्रह धरता येतो. शिवाय शिकण्याचं काम तर दिवसाउजेडी, घरातसुद्धा होतं. स्वयंपाकघरातला मिक्सर मुलीच्या हाती देताना 'बिघडेल' म्हणून आपण कचरत नाही. मग गाण्याच्याच मिक्सरशी आपला हात का थबकतो? एकदा विचार करून पाहा.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक कामगिरी! येत्या स्नेहसंमेलनात वही-पेन्सिल घेऊन चार रकाने आखा : नाचणारे, गाणारे, निवेदन करणारे आणि साउंड सिस्टीमपाशी बसलेले. प्रत्येक रकान्यात मुली किती, मुलगे किती ते मोजा. शेवटच्या रकान्यात मुलींचा आकडा शून्य आला तर तो वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा. मग बाईंना किंवा सरांना विचारा, 'पुढच्या कार्यक्रमाला आमच्यातल्या दोघी तिथं बसू का?'

दोघी म्हणा हं, एक नको. एकटीची बारा वर्षं आपण आत्ताच मोजली आहेत! आणि मुलग्यांनो, तुमच्यापैकी कुणाला ती यंत्रं चालवता येत असतील, तर थोडं सरकून शेजारी जागा करून द्या. पहिल्यांदा गाणं अडखळेल, एखादी शिट्टीही वाजेल. तुमचंही पहिल्यांदा तसंच झालं होतं की नाही?

तुमचे चार रकान्यांचे आकडे आम्हाला जरूर कळवा. वाट पाहतोय!