विश्लेषण : पाच लाखांची योजना असूनही आजारपणात घर कर्जात का जाते?

देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, असे केंद्र सरकारचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. महाराष्ट्रात तर रेशनकार्डाच्या रंगाची अट काढून प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्येच झाला. तरीही घरात कुणी अंथरुणाला खिळले, की पहिला प्रश्न ‘पैसे कुठून आणायचे’ हाच असतो. आकडे खोटे आहेत असे नाही. पण सरकारी योजना रुग्णालयातील खाटेचा खर्च उचलतात आणि बहुतेक घरे खचतात ती त्या खाटेच्या आधी आणि नंतर होणाऱ्या खर्चाने.

खिशातून होणारा खर्च म्हणजे काय?

उपचार घेताना कुटुंब स्वतः मोजते ते पैसे. त्यात डॉक्टरांची फी, मेडिकलमधील गोळ्या-औषधे, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, रुग्णालयाचे बिल हे सारे येते. विमा कंपनीने किंवा सरकारने भरलेली रक्कम त्यात धरत नाहीत. विमा आणि करातून होणारा खर्च सर्वांमध्ये वाटला जातो. खिशातला खर्च मात्र ज्याच्या घरी आजार, त्याच्याच माथी येतो. तोही कमावणारा माणूस अंथरुणावर असताना, म्हणजे उत्पन्न थांबलेले असताना. शिक्षण किंवा लग्नाच्या खर्चासाठी कुटुंबे आधीपासून तजवीज करतात. आजार तेवढी सवड देत नाही.

आजार गरिबीत कसा ढकलतो?

अभ्यासकांची मोजणीची पद्धत सोपी आहे. कुटुंबाच्या एकूण खर्चातून उपचारांचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या पैशात ते दारिद्र्यरेषेच्या वर राहते का, हे पाहायचे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ मध्ये ग्रामीण भागासाठी ही रेषा दरमहा दरडोई ८१६ रुपये होती. म्हणजे पाच जणांच्या घराला महिना ४,०८० रुपये. समजा, त्या काळी एखादे घर महिन्याला ४,८०० रुपये खर्च करत होते. कागदोपत्री ते गरीब नव्हते. पण वर्षात दहा हजारांचे एक बिल आले, तर बाकी गरजांसाठी महिन्याला ३,९६७ रुपयेच उरतात. त्या एका बिलाने पाच माणसे रेषेखाली गेली.

पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाच्या अभ्यासकांनी २०११-१२ च्या आकडेवारीवरून असा हिशेब मांडला. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्या एका वर्षात सुमारे साडेपाच कोटी लोक उपचारांच्या खर्चामुळे दारिद्र्यरेषेखाली गेले. त्यातील सुमारे तीन कोटी ८० लाख लोक केवळ औषधांच्या खर्चामुळे. गरिबी म्हटले की डोळ्यांसमोर मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल येते. प्रत्यक्षात मोठा घाव घातला तो दर महिन्याच्या गोळ्यांनी.

रुग्णालयाचे बिल किती दिवसांच्या मजुरीचे?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भागातील रुग्णाला एकदा दाखल होण्यासाठी सरकारी रुग्णालयात सरासरी ४,२९० रुपये वैद्यकीय खर्च आला. खासगीत तोच २७,३४७ रुपये होता. शहरी भागात हे आकडे अनुक्रमे ४,८३७ आणि ३८,८२२ रुपये होते. दिवसाला ३५० रुपये मजुरी धरली, तर गावातल्या रुग्णाचे खासगी बिल फेडायला ७८ दिवसांची मजुरी लागते, तीही घरात चूल न पेटवता. आणि देशात निम्म्याहून अधिक रुग्ण खासगी रुग्णालयातच दाखल होत होते.

मग हे पैसे येतात कुठून? त्याच सर्वेक्षणात ग्रामीण भागातील सुमारे ८० टक्के प्रकरणांत मुख्य भार घरच्या कमाईवर किंवा शिलकीवर पडल्याचे दिसले, तर सुमारे १३ टक्के प्रकरणांत कर्जावर. शिलकीतून खर्च भागला म्हणजे घर सावरले, असा अर्थ मात्र काढता येत नाही. ती शिल्लक बियाण्यांसाठी, मुलीच्या कॉलेजसाठी किंवा गळके पत्रे बदलण्यासाठी ठेवलेली असते. ती संपली, की पुढच्या अडचणीला हातउसने पैसे, सोनेतारण, बचत गटाचे कर्ज आणि शेवटी सावकार, अशी उतरंड सुरू होते.

ड्यूक विद्यापीठातील अभ्यासक अनिरुद्ध कृष्णा यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेशातील गावांत आणि काही परदेशांतही हजारो कुटुंबांची वाटचाल तपासली. ‘वन इलनेस अवे’ या २०१० मधील त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा, की घरे गरिबीत जाण्याच्या कारणांत आजारपण आणि त्यावरील खर्च सर्वांत ठळक आहे. एका बाजूने काही लोक गरिबीतून वर येत असतात आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने काही खाली घसरत असतात. सरकारी धोरण मात्र वर काढण्याचाच विचार अधिक करते.

मग योजनांचा उपयोग नाही का?

उपयोग निश्चित आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत-प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, गुडघे प्रत्यारोपण अशा उपचारांसाठी जमीन विकण्याची वेळ या योजनांमुळे अनेकांवर आली नाही.

मात्र या योजनांची रचना दाखल होण्याभोवती आहे. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच काळ धरला जातो. अर्धांगवायूच्या रुग्णाचे उदाहरण घ्या. झटका येण्यापूर्वी कित्येक वर्षे त्याला रक्तदाबाची गोळी रोज हवी होती. झटक्यानंतर फिजिओथेरपी आणि औषधे आयुष्यभर लागणार. मधल्या आठ-दहा दिवसांचा खर्च योजना उचलते, आधीचा आणि नंतरचा घर उचलते. शिवाय निदान होईपर्यंत दोन-तीन दवाखाने पालथे घालावे लागतात. त्यातील तपासण्यांचे पैसे रोखीनेच जातात.

बाकीच्या अडचणी रुग्णालयाच्या दारात कळतात. प्रत्येक रुग्णालय योजनेत नसते. असले तरी प्रत्येक आजार यादीत नसतो. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव असतात. अपघाताचा रुग्ण घेऊन रात्री धावलेले नातेवाईक जवळच्या रुग्णालयात डिपॉझिट भरतात. योजनेची चौकशी दुसऱ्या दिवशी सुरू होते.

उपचार मोफत म्हणजे आजार मोफत?

डायलिसिस हे याचे बोलके उदाहरण. केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत ही सोय वाढली आणि गरिबांसाठी ती मोफत आहे. पण मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा ती करावी लागते. म्हणजे वर्षाला शंभराहून अधिक फेऱ्या. अशक्त रुग्णाला एकटे पाठवता येत नाही. त्यामुळे सोबतच्या माणसाचाही तेवढ्याच दिवसांचा रोजगार बुडतो. परतीची एसटी चुकली, की भाड्याची गाडी. रक्त वाढवण्याचे इंजेक्शन संपलेले असेल, तर ते बाहेरून. यंत्रावरचे चार तास मोफत असतात, पण त्याभोवतीचा अख्खा दिवस घराच्या खर्चाने जातो. बुडालेली मजुरी तर ‘खिशातून होणाऱ्या खर्चा’च्या व्याख्येत बसतच नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अशा महिलांची संख्या तेरा हजारांहून अधिक असल्याचे समोर आले. त्या प्रकरणाची आर्थिक बाजू कमी बोलली गेली. ऊसतोडीच्या घरात अडीनडीला, दवाखान्यालाही, हमखास मिळणारा पैसा म्हणजे मुकादमाची उचल. ती फेडायची तर पुढचा हंगाम फडात काढावा लागतो. फडात पुन्हा तेच जड ओझे, तीच अस्वच्छता, तेच दुखणे. आजारातून कर्ज आणि कर्जातून आजार असे हे चक्र फिरत राहते.

खर्चाचा वाटा घटला, तो कसा?

टक्का घसरला त्यामागे सरकारी खर्चातील वाढ हे मोठे कारण आहे. एकूण आरोग्य खर्चात सरकारचा वाटा या काळात २८.६ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. हे स्वागतार्ह आहे. पण २०२०-२१ आणि २०२१-२२ ही करोनाची वर्षे होती. लसीकरण आणि साथनियंत्रणावर सरकारने जास्त खर्च केला, म्हणून एकूण रकमेतील लोकांचा वाटा लहान दिसणे स्वाभाविक होते. रुपयांत पाहिले, तर दरडोई खिशातला खर्च २०१३-१४ मध्ये २,३३६ रुपये होता, तो २०२१-२२ मध्ये २,६०० रुपये झाला. महागाई वजा केली तर ही घटच ठरते. मात्र ६४ वरून ३९ हे आकडे ऐकून वाटते, तेवढा दिलासा घराच्या हिशेबात उतरलेला नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. नमुना सर्वेक्षणांनुसार ग्रामीण भागात वर्षभरात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण २०१४ मध्ये ३.५ टक्के होते, २०१७-१८ मध्ये ते २.६ टक्के नोंदले गेले. दाखल होणारेच कमी झाले, तर खर्चही कमी दिसणार. लोक खरोखर कमी आजारी पडले, की अंगावर काढू लागले, हे टक्केवारी सांगत नाही. ज्या म्हातारीने ‘आता माझ्यावर पैसे घालू नका’ म्हणून तालुक्याला जायचे नाकारले, तिचा खर्च शून्य नोंदला जातो. आकडेवारीच्या दृष्टीने ते घर सुरक्षित ठरते.

लोक सरकारी दवाखान्यात का जात नाहीत?

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत झाले. निर्णय चांगला होता. पण केसपेपरचे काही रुपये हा रुग्णांचा मुख्य खर्च कधीच नव्हता. तज्ज्ञाची जागा रिक्त असणे, सोनोग्राफीची तारीख पुढची मिळणे, औषधांची चिठ्ठी बाहेरची मिळणे आणि ओपीडीच्या वेळेसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागणे, ही खासगीकडे वळण्याची कारणे आहेत. ‘फुकट मिळत असताना खासगीत गेले’ असा दोष कुटुंबाला देणे सोपे आहे. पण संध्याकाळी सात वाजता गावात जो डॉक्टर भेटतो, त्याच्याकडे ते गेलेले असतात.

उपाय काय?

औषधांपासून सुरुवात केली, तर सर्वाधिक घरांना दिलासा मिळेल. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन करून औषधांची एकत्रित खरेदी, गुणवत्ता तपासणी आणि गोदामांची साखळी उभी केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये. आता तालुक्याच्या रुग्णालयात मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट यांची औषधे बाराही महिने मिळतात का, हीच त्याची परीक्षा असायला हवी.

दुसरा उपाय, दाखल न होता होणाऱ्या उपचारांना संरक्षण. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी योजना आणली, तिचा पैसा करांतून उभा केला आणि तिच्यात साध्या ओपीडीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सारे ठेवले. तिथे खिशातील खर्चाचा वाटा एकूण खर्चाच्या एक-दशांशाच्या आसपास आला.

हे सारे पैशांवाचून होणार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ या करोनाच्या वर्षातही तो १.८४ टक्केच होता. राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्याला द्यावी, असेही धोरण सांगते. महाराष्ट्रासारखे श्रीमंत राज्य त्याच्या जवळही नाही.

रुग्णांनी तूर्त काय करावे?

दाखल होण्यापूर्वी रुग्णालय योजनेत आहे का, हे विचारावे आणि तेथील आरोग्यमित्राला भेटावे. राज्य योजनेची मदतवाहिनी १५५३८८, तर आयुष्मान भारतची १४५५५ आहे. रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. जनऔषधी केंद्रांत तीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात.

अर्थात, ही काळजी घेऊनही भार कुटुंबावरच राहतो. किती कार्डे वाटली आणि किती शस्त्रक्रिया झाल्या, हे सरकार दरवर्षी जाहीर करते. उपचार संपल्यानंतर सहा महिन्यांनी त्या घरावर किती कर्ज उरले, हेही मोजायला सुरुवात झाली, तर योजना कुठे कमी पडते याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नाही.