सेवेला निघालेल्या पाहुण्यांस

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्याकडील मुले मामाच्या गावाला जातात, नाहीतर भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्यात दोन महिन्यांची हंगामी नोकरी धरतात. अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात चर्चला जाणाऱ्या तरुणांची सुटीतील आणखी एक रीत आहे. दहा-वीस जणांचे पथक दोन-तीन आठवड्यांसाठी एखाद्या गरीब देशात सेवेला जाते. तिकिटाचे पैसे नातेवाइकांना आणि मंडळीतील लोकांना पत्रे लिहून जमवले जातात. तेथे पोहोचल्यावर कोणी शाळेची भिंत बांधतो, कोणी मुलांना गाणी आणि बायबलातील गोष्टी शिकवतो, बरोबर डॉक्टर असला तर औषधे वाटली जातात. मग सर्वांचा एकत्र फोटो निघतो आणि पथक परत फिरते.

यंदा हा विषय आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर आला, त्याला आमच्या वर्गातील एक ख्रिस्ती मित्र कारण झाला. दुबईस नोकरीला असलेल्या त्याच्या मामांनी त्याला, आपल्या मंडळीच्या पथकाबरोबर मे महिन्यात केनियाला चल, म्हणून विचारले. निम्मा खर्च मामा करणार. उरलेला निम्मा म्हणजे मित्राच्या वडिलांचा तीन महिन्यांचा पगार. कट्ट्यावर लगेच दोन तट पडले. एक म्हणे, ही सगळी धर्म वाढवण्याची युक्ती आहे, सेवा हे नुसते निमित्त. दुसरा म्हणे, सेवा ती सेवा. घरी बसून टीका करणाऱ्यांपेक्षा पदरमोड करून जाणारा केव्हाही बरा.

मला दोन्ही मते अपुरी वाटली. जाणाऱ्याच्या मनात काय आहे यावर दोन्ही तट भांडत होते. ज्याच्या दारी तो जाणार त्याला काय वाटते, हा प्रश्न कोणीच काढला नाही. मी स्वतः त्या दारातला मुलगा आहे, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करतो.

माझे शिक्षण चाकणजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. तो कायदा आला आणि आमच्या शाळेला पाहुणे येऊ लागले. चार वर्षांत शाळेच्या भिंती तीन वेळा रंगल्या. शनिवारी बस यायची, एकसारखे टी-शर्ट घातलेले साहेब आणि मॅडम उतरायचे, दुपारपर्यंत रंग द्यायचे, आम्हांला बिस्किटांचे पुडे द्यायचे आणि निघून जायचे. त्या काळात शाळेच्या नळाला पाणी नव्हते. संडासात पाणी नाही म्हणून सातवीच्या मुली दुपारच्या सुटीत घरी जात, त्या परत येत नसत. नळाच्या वरच्याच भिंतीवर निळ्या अक्षरांत ‘पाणी हेच जीवन’ असे सुबक लिहिलेले होते.

त्या पाहुण्यांविषयी माझ्या मनात राग नाही. ते मनापासून रंगवीत, उन्हात घामाघूम होत. पण आमच्या बाईंना, ‘तुम्हांला काय हवे?’ असे त्यांतील कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. शेवटी पाणी आले ते गावातल्या बायकांनी ग्रामसभेत तो विषय वर्षभर लावून धरला तेव्हा. त्या बायकांत माझी आई होती. तिला कोणी समाजसेविका म्हटले नाही आणि तिचा फोटोही कोणी काढला नाही.

हा अनुभव लहान आहे; पण परदेशी सेवकांच्या बाबतीत आपल्या मराठी मुलखाचा अनुभव चारशे वर्षांचा आहे, आणि तो पाहिला तर या प्रश्नावर पुष्कळ उजेड पडतो.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. तो काळ सक्तीचा होता. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल होता आणि साष्टीतील देवळे पाडली गेली होती. हे विसरून त्या काळाचे गोडवे गाता येणार नाहीत. तरीही स्टीफन्सने जे केले ते वेगळे उरते. तो सुमारे चाळीस वर्षे इथे राहिला, लोकांची भाषा शिकला आणि १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत उतरले. ज्यांना सांगायचे त्यांचा छंद त्याला आधी शिकावा लागला.

अमेरिकन मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, तेव्हा कंपनी सरकारने त्याला परत धाडण्याचा घाट घातला होता. तो राहिला, मराठी शिकला, सहकाऱ्यांसह शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतराला हात घातला आणि १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारला. सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ साली मुंबईला आली आणि १८३९ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवीत राहिली. १८६२ साली तिथेच तिचा अंत झाला. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते तिच्याच संस्थेत.

ही माणसे धर्मप्रसारासाठी आली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनीही ते लपवले नाही. पण इतकी वर्षे राहिल्यामुळे एक गोष्ट आपोआप घडली. इथली माणसे त्यांना उलट बोलू शकली. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. जे घ्यायचे ते त्यांनी घेतले, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तरी ख्रिस्त या देशात परक्या वेषात का यावा, हा प्रश्न ते आयुष्यभर विचारीत राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांची भजने मराठी चर्चमधून आजही गायिली जातात. तीन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्याला असे कोण बोलणार? आपल्याकडे पाहुण्याला चहा देतात, ‘बरे वाटले’ म्हणतात. खरे बोलणे घरच्या माणसाशी होते.

सेवेचा प्रवास नेहमी तिकडून इकडेच झाला असेही नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तेथे ख्रिस्ती झाल्या; पण धर्माच्या बाबतीत आपल्याला पडलेल्या शंका त्यांनी गिळून टाकल्या नाहीत, आश्रय देणाऱ्या सिस्टरांशीही वाद घातला. पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन १८८९ साली त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. तेथील स्त्रियांच्या संस्था आणि शाळा त्यांनी बारकाईने पाहिल्या, तशी काळ्या लोकांना मिळणारी वागणूकही पाहिली. केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले ते या पाहण्यातून. परदेशी जावे कसे, याचा याहून चांगला धडा आपल्याला दुसरीकडे शोधावा लागणार नाही.

सेवा करणाऱ्याने विचारले नाही तर काय होते, हेही आपल्याच परिसराने पाहिले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. रँडच्या हाताखालील सोल्जर घरांत शिरले, माणसे काढून नेली, देवघरापर्यंत गेले. उद्देश विचाराल तर रोग हटवण्याचा, म्हणजे लोकांच्याच भल्याचा! २२ जून रोजी चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या गोळ्यांचे समर्थन करणे हा या लेखाचा विषय नाही. पण त्या का झाडल्या गेल्या हे समजून घ्यायलाच हवे. त्याच वर्षी, त्याच रोगात, १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना प्लेगची लागण झाली होती. एकाच साथीत एकाला लोक शत्रू मानतात आणि दुसरीला आई. याचे कारण औषधात शोधून सापडणार नाही.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. आज चाळीस वर्षे कोणाला आहेत? म्हणून जामखेडचे उदाहरण देतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दाम्पत्य वेल्लोरला शिकले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकले आणि १९७० साली जामखेडला आले. त्यांच्याजवळ औषधे होती. लोकांना विचारले तर लोकांनी अन्न आणि पाणी मागितले. डॉक्टरांनी ते ऐकले आणि आरंभ तिथून केला. नंतर गावोगावच्या बायकांना, त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्यावर गावाचे आरोग्य सोपवले. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ या त्यांच्या एका आरोग्यसेविकेने १९८८ साली वॉशिंग्टनला जाऊन मोठमोठ्या तज्ज्ञांपुढे आपल्या कामाविषयी भाषण केले. आज देशोदेशींचे लोक जामखेडला येतात ते शिकायला. त्यांना शिकवणाऱ्यांत खेड्यातल्या बायका असतात. येणारा थोडे दिवसच राहतो, पण तो विद्यार्थी म्हणून येतो, आणि त्यामुळे त्याचे थोडे दिवसही वाया जात नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे. मुदत थोडी असली तर शिकायला जावे. सेवा करायची असली तर राहायला जावे. तीन आठवड्यांत भाषा येत नाही, आणि भाषा आल्यावाचून समोरच्याचे ‘नको’ कळत नाही. भिंत बांधायची तर केनियातही गवंडी आहेत, त्यांना मजुरी हवी आहे. आपल्या वडिलांचा तीन महिन्यांचा पगार खर्चून मित्राने तेथे विटा उचलाव्यात, हे मला पटत नाही. त्याला मी सांगितले ते असे : जायचेच असेल तर देणारा म्हणून जाऊ नकोस. तेथील लोक शेती कशी करतात, पाणी कोठून आणतात, इंग्रजांचे राज्य त्यांना कसे गेले, त्यांच्या प्रार्थनेत त्यांचे स्वतःचे काय आहे, हे पाहून ये आणि रमाबाईंसारखे आम्हांला लिहून दाखव. त्याने अजून उत्तर दिलेले नाही. निर्णय त्याचा आहे.

पण मित्रहो, केनिया लांब राहिला. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे काय? १९६९ साली, गांधीशताब्दीच्या वर्षी, ही योजना निघाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर. शिबिराला आपण ज्या गावी जातो त्याला आपण ‘दत्तक गाव’ म्हणतो. शेकडो वर्षांची ती गावे, आणि त्यांना दत्तक घेणारे आपण एकोणीस वर्षांचे! या शब्दाचे आपल्याला हसू कसे येत नाही? सकाळी प्रभातफेरी, मग रस्ता झाडणे, दुपारी व्याख्यान, रात्री पथनाट्य आणि सातव्या दिवशी समारोप. त्या रस्त्यावर आठव्या दिवशी पुन्हा कचरा असतो, कारण कचरा टाकायला जागा आहे की नाही हे आपण विचारलेले नसते. आळंदीला इंद्रायणीच्या घाटावरचे निर्माल्य आपण उचलतो, ते चांगलेच आहे. पण पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस झाडूने निघत नाही. तो कोठून येतो, हे विचारायला सात दिवस पुरत नाहीत.

आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच, घरात पहिल्यांदा कॉलेजात आलेले आहेत. ज्या गावांत आपण शिबिराला जातो तशाच गावांतून आणि वस्त्यांतून आपण आलो. टी-शर्ट अंगात घातला की आपण लगेच पाहुणे कसे होतो?

म्हणून प्राध्यापकांपुढे आणि पुढील वर्षीच्या स्वयंसेवकांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, शिबिराच्या दोन महिने आधी पाच-सहा जणांनी गावी जावे, ग्रामसभेला बसावे आणि फक्त ऐकावे. बायका काय म्हणतात ते वेगळे ऐकावे. दुसरी, निदान पाच वर्षे गाव बदलू नये. मुले बदलतील, पण वही एकच राहावी आणि मागच्या वर्षी काय अर्धवट राहिले ते तीत लिहिलेले असावे. तिसरी, समारोपाच्या दिवशी भाषण आपण करू नये. गावकऱ्यांनी करावे, आणि आमचे काय चुकले ते त्यांनी मोकळेपणी सांगावे. पहिल्या वर्षी ते काही सांगणार नाहीत, ‘बरे वाटले’ म्हणतील. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखादी म्हातारी उठून म्हणेल, ‘पोरांनो, रस्ता राहू द्या, आधी नळाचं बघा.’ त्या दिवसापासून आपली सेवा सुरू झाली असे समजायला हरकत नाही.