टंचाई मजुरांची नव्हे, बारमाही कामाची

दसरा जवळ आला की मराठवाड्यात बांधाबांधावर एकच तक्रार ऐकू येते : "पैसे मोजायला तयार आहोत, पण माणूस मिळत नाही." सोयाबीनच्या शेंगा शेतातच तडकू लागलेल्या असतात, आभाळ भरून येत असते आणि सोंगणीचा एकरी गुत्ता दिवसागणिक चढत असतो. नेमक्या त्याच दिवसांत बीड, केज, धारूर, गेवराई या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड पाठीशी घेऊन सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे निघतात. आणि तालुक्याच्या मैदानावर पदवीधर मुले पहाटे पोलीस भरतीसाठी धावत असतात.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहून एक मत तयार झाले आहे. ते असे : गावात काम भरपूर आहे, लोकांनाच ते नको आहे. रेशनचे धान्य फुकट मिळते, 'लाडकी बहीण'चे पैसे खात्यात येतात, रोजगार हमीने कामाची सवय मोडली, आणि शिकलेल्या पोरांना मातीत हात घालण्याची लाज वाटते. पुराव्याला सरकारी आकडाही आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागातला बेरोजगारीचा दर 2017-18 मध्ये 5.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 2.5 टक्क्यांवर आला. मग बेकारीची ओरड कशासाठी?

हे मत केवळ सुखवस्तू लोकांचे असते, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण चार एकरांचा कोरडवाहू शेतकरीही तेच बोलतो, आणि सोंगणीच्या आठवड्यातली त्याची तगमग शंभर टक्के खरी आहे. म्हणूनच या मताला मुद्द्याने उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे स्पष्ट आहे : ऑक्टोबरातली मजूरटंचाई आणि उन्हाळ्यातली बेकारी एकमेकींच्या विरोधात जात नाहीत. पहिली दुसरीच्याच पोटी जन्म घेते.

आधी 'काम भरपूर आहे' हे विधान तपासू. कोरडवाहू गावाचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी आणि जोडीला तुरीची काढणी. फेब्रुवारी ते मे या काळात विहिरीला पाणी असलेला शेतकरी सोडला, तर कोणाच्याही रानात रोजगार नाही. पूर्वी ज्वारी, बाजरी, मूग, उडीद, भुईमूग, करडई अशा अनेक पिकांमुळे काम वर्षभर विखुरलेले असे. आता सोयाबीन आणि कपाशीने शिवार व्यापले आहे. एकाच पावसावर सगळ्यांची पेरणी होते आणि एकाच पंधरवड्यात सगळ्यांचे सोयाबीन काढणीला येते. दरम्यान श्रावणातली निंदणी तणनाशकाने खाल्ली, मळणी यंत्राने नेली. निंदणी हे गावातल्या बायांचे हक्काचे काम होते. शेतकऱ्याने खर्च वाचवला, त्यात त्याचा दोष नाही. पण जे कुटुंब ऑगस्टमध्ये घरी बसवले गेले, ते ऑक्टोबरातल्या पंधरा दिवसांसाठी गावात थांबून राहील ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

ते थांबत नाही, कारण त्याचा ऑक्टोबर आधीच विकला गेलेला असतो. उन्हाळा संपता संपता घरातले पैसे संपतात. पेरणीला बियाणे हवे, शाळेची फी, दवाखाना, मागच्या लग्नाचे देणे. अशा वेळी ऊसतोडीचा मुकादम दारात येतो आणि एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, उचल देतो. ज्या दिवशी ही उचल हातात पडते, त्या दिवशी येणाऱ्या पाच-सहा महिन्यांची मेहनत गहाण पडते. पुढे गावात सोंगणीचा भाव कितीही चढला, तरी ट्रकमध्ये बसावेच लागते. मजूर पळाला, असे गाव म्हणते. खरे पाहता गावाने त्याला जूनमध्येच गमावलेले असते, कारण गावाकडे मार्च ते मे त्याच्यासाठी काहीच नव्हते.

आता फुकट धान्याचा आरोप. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. एवढ्याने कुटुंब चालते का? 2022-23 च्या राष्ट्रीय उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण माणसाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा 5 टक्क्यांहूनही कमी आढळला. तेल, डाळ, भाजी, औषधे, प्रवास, शिक्षण, कपडे या सगळ्यांना रोख पैसाच लागतो. धान्याने उपासमार टळते, संसार चालत नाही. 'लाडकी बहीण'चे 1500 रुपये म्हणजे दिवसाला 50 रुपये. 300 रुपये रोज धरला तर ती पाच दिवसांची मजुरी झाली. पाच दिवसांच्या पैशांवर बाई महिनाभर घरी बसते, असे म्हणणाऱ्याने महिन्याच्या बाजाराची यादी एकदा तरी तिच्याशेजारी बसून करावी.

"बायका कापूस वेचायला येत नाहीत," ही तक्रारही जवळून पाहण्यासारखी आहे. वेचणीची मजुरी किलोवर असते. कमरेला ओटी बांधून बाई सऱ्यांत शिरते, सकाळी दवाने पाने ओली असतात, बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटांची कातडी निघते, दिवस मावळताना काट्यावर वजन होते. बहराच्या वेचणीला सराईत बाई 40 किलोपर्यंत जाते. 10 रुपये किलोने तिला 400 रुपये पडतात. शेवटच्या वेचणीत झाडावर कापूसच विरळ असतो. तेवढेच वाकून, तेवढेच ऊन सोसून 15 किलो हाती लागतो, आणि त्याच दराने मिळतात 150 रुपये. त्या वेचणीला ती नाही म्हणाली तर ती आळशी ठरते. ती आळशी नाही. तिला हिशेब कळतो.

रोजगार हमीवरचा आरोप तर महाराष्ट्रात कोणी करूच नये. ही कल्पना याच मातीतली आहे. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग करून पाहिला. 1972 च्या दुष्काळात तिने लाखो माणसे जगवली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याला तिनेच वाट दाखवली. या हमीमुळे शेतीला मजूर मिळत नाही, हा युक्तिवाद साध्या गणिताने कोसळतो. महाराष्ट्रात 2025-26 साठी या कामाचा दर दिवसाला 312 रुपये होता आणि तोही खात्यात उशिरा जमा होत असे. सोंगणीत जो गडी रोख आणि त्याहून बरी मजुरी मिळवू शकतो, तो ती सोडून खडी फोडायला का जाईल? 100 दिवसांची हमी असताना देशभरात एका कुटुंबाला वर्षाला सरासरी जेमतेम 50 दिवसांच्या आसपास काम मिळत होते. एवढ्या तुटपुंज्या कामाने साऱ्या शेतीचा मजूर ओढून नेला, हे पटणारे नाही.

एका ठिकाणी मात्र ही योजना शेतीशी खरोखर स्पर्धा करते : जिथे बाईला पुरुषापेक्षा कमी रोज दिला जातो तिथे. हमीच्या कामावर दोघांचा दर सारखा असतो. त्यामुळे बाईचा रोज वाढत असेल, तर योजना आपले काम चोख करते आहे. म्हणूनच डिसेंबर 2025 मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी जो नवा कायदा मंजूर केला, त्यातली एक तरतूद मला सलते. दिवस 125 केले हे स्वागतार्ह. पण पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला एकूण 60 दिवस ही कामे बंद ठेवण्याची सोय केली आहे. मजुराला नाही म्हणता येऊ नये म्हणून त्याचा पर्याय काढून घेणे, हा शेतीच्या संकटावरचा उपाय होऊ शकत नाही.

राहिला 2.5 टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही, पण तो काय मोजतो ते पाहिले पाहिजे. या सर्वेक्षणाच्या 'नेहमीच्या स्थिती'च्या पद्धतीत वर्षात 30 दिवस जरी काम केले, तरी माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी बाईही रोजगारात मोजली जाते. तिचे श्रम मोजले जातात हे योग्यच. पण तिच्या हातात एक रुपयाही पडत नाही, हे त्या आकड्यातून दिसत नाही. त्याच सर्वेक्षणाचे दुसरे आकडे अधिक बोलके आहेत. देशातल्या एकूण कामकऱ्यांत शेतीचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 46.1 टक्के झाला. स्वयंरोजगारात गणल्या जाणाऱ्यांचा वाटा 2017-18 च्या 52.2 टक्क्यांवरून 58.4 टक्क्यांवर गेला. देश पुढे जात असताना माणसे शेतीतून बाहेर पडायला हवी होती. ती शेतीकडे परतली. आणि कोणत्या शेतीकडे? महाराष्ट्रात सरासरी वहितीधारण 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होते, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आले. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही, म्हणून तो काहीतरी करतोच. त्या 'काहीतरी'ला रोजगार म्हटले की बेकारी कागदावरून नाहीशी होते.

शिकलेल्या मुलांवरचा राग असाच चुकीच्या जागी निघतो. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी 10 लाखांवर अर्ज आले. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले. पहाटे चारला उठून धावणाऱ्या, रात्री अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला कष्टाचे वावडे आहे असे कसे म्हणता येईल? दरमहा ठरलेला पगार मिळेल अशी दुसरी नोकरी त्याला जिल्ह्यात दिसत नाही, म्हणून ऐन उमेदीची वर्षे तो या एका दारासमोर घालवतो.

हे झाले खंडन. आता काय करावे, तेही तेवढ्याच ठामपणे सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट, माणसे मोजण्याऐवजी कामाचे दिवस आणि त्यांतून हाती आलेले पैसे मोजावेत. कोणत्या महिन्यात किती कुटुंबांना किती दिवस काम होते, याची नोंद गावपातळीवर झाली, तर फेब्रुवारी ते मे हे भगदाड कोणालाही नाकारता येणार नाही.

दुसरी, हमीच्या कामांचा भर त्याच चार महिन्यांवर असावा. बांधबंदिस्ती, गाळ काढणे, विहिरी, शेतरस्ते ही कामे उन्हाळ्यातलीच आहेत आणि त्यांचा लाभ थेट शेतीला होतो. कामाची लेखी मागणी घेऊन त्याच दिवशी तारखेसह पोच द्यावी. पंधरा दिवसांत काम द्यावे, नाही तर भत्ता द्यावा. मागणीच नोंदवायची नाही, म्हणजे भत्ता देण्याचा प्रश्नच उरत नाही, ही पळवाट बंद झाली पाहिजे.

तिसरी, पिकावरची प्रक्रिया पीक निघते त्या तालुक्यात व्हावी. लातूरच्या डाळ गिरण्या दाखवून देतात की कोरडवाहू भागातल्या धान्यावरही उद्योग उभा राहतो. तूर, सोयाबीन, कापूस आपल्या शिवारात पिकतात आणि त्यांच्यावरचे काम दूरच्या शहरांना मिळते. हेच काम केजला, गेवराईला, परतूरला झाले, तर हंगाम संपल्यावरही गावच्या माणसाला रोज मिळेल आणि पदवीधर मुलाला हिशेबाची, यंत्राची, गुणवत्ता तपासणीची नोकरी मिळेल.

चौथी, ऊसतोडीचा करार कागदावर यावा. उचल, दर, टनांचा हिशेब हे सारे लेखी असावे आणि कोयत्याच्या मजुरीतला बाईचा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावा. संघटित मागणीला यश येते, हे जानेवारी 2024 मध्ये तोडणी दरात मिळालेल्या 34 टक्के वाढीने सिद्ध केले आहे.

पाचवी, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी : पिकाला भाव. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा 7,710 रुपये क्विंटल जाहीर झाला. मात्र जाहीर भाव आणि आडतीतला भाव यांत अंतर पडते, तेव्हा ते अंतर मजुरीतूनच कापले जाते. कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, ऑगस्ट 2025 मध्ये त्यावरचे आयात शुल्क उठवले गेले. भाव पाडणारे निर्णय वर होतात, आणि खाली बांधावर शेतकरी आणि मजूर एकमेकांशी भांडत बसतात.

हे भांडणच मिटवायला हवे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतकऱ्यांपेक्षा शेतमजुरांची संख्या जास्त निघाली, आणि आजचा दोन एकरवाला वर्षातले बरेच दिवस दुसऱ्याच्या रानात असतो. दोघांचे हित एकच आहे. ज्या शेतकऱ्याला ऑक्टोबरात मजूर हवा आहे, त्याने ग्रामसभेत उभे राहून मार्च-एप्रिलच्या कामांची मागणी मजुराच्या बरोबरीने केली पाहिजे. ज्या घरात उन्हाळ्यात रोज येतो, त्या घराला मुकादमाची उचल घ्यावी लागत नाही. आणि ज्या घराने उचल घेतली नाही, ते घर सोंगणीला गावातच असते. मजूर टिकवायचा असेल तर त्याचे पर्याय तोडू नका, त्याचे वर्ष भरून द्या.