डिचपल्लीचं श्रेय एकट्याचं नाही



जानेवारीचा शेवटचा रविवार आला की आपल्या चर्चमध्ये कुष्ठरोग्यांसाठी वर्गणी गोळा होते आणि एक भाषणही ठरलेलं असतं. त्यांना कोणी जवळ करत नव्हतं, आपल्या लोकांनी केलं, असं त्यात म्हणतात. इकडे काही शेजारी म्हणतात की हे दवाखाने माणसं बाटवायलाच काढले होते. शाळेत इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. मला ही दोन्ही बोलणी पटत नाहीत.

डिचपल्लीचंच बघा. नांदेडहून हैदराबादला येणारी गाडी निजामाबाद सोडल्यावर या गावावरून जाते. तिथलं व्हिक्टोरिया कुष्ठ रुग्णालय १९१५ साली उघडलं. ते उभं केलं स्कॉटलंडहून आलेल्या डॉ. इझाबेल केर आणि त्यांचे पती रेव्हरंड जॉर्ज केर यांनी. दोघेही वेस्लियन मेथडिस्ट मिशनचे. (तेव्हा आपण कॅथलिकांनी 'आपले लोक' म्हणण्याआधी त्या मंडळींना विचारलेलं बरं!) पण पैसा कुठून आला? निजामाबादचे धनिक राजा नरसा गौड यांनी मोठी देणगी दिली. ते हिंदू होते. औषध म्हणून जे तेल वापरत, ते इथल्या कडू कवठाच्या जातीच्या झाडांचं, आपल्या वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक असलेलं. पोटात घेतलं की मळमळून उलट्या होत, म्हणून ते सुईने टोचू लागले. डॅप्सोनच्या गोळ्या येईपर्यंत रोग्यांना आधार होता तो एवढाच.

मिशन होतं म्हणजे प्रार्थना होती, सुवार्ताही सांगितली जात होती. ते कशाला लपवायचं? पण १९३२ साली मरण येईपर्यंत केरबाई या कामात राहिल्या. त्यांच्या आयुष्याचा हिशेब 'बाटवणं' या एका शब्दात मांडणाऱ्यांनी तिथल्या रोग्यांचा विचार केलेला दिसत नाही.

आणि आपल्याशिवाय कोणी नव्हतं, हेही खरं नाही. त्याच १९१५ साली निजाम सरकारने प्लेग-कॉलऱ्याच्या रोग्यांसाठी एरण्णगुट्टा इथे क्वारंटाइन दवाखाना काढला. १९२३ मध्ये तो नल्लकुंट्याला आला. आता पाटीवर सर रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी अजून 'कोरंटी दवाखाना'च. घटसर्प झालेली लेकरं, पिसाळलेलं कुत्रं चावलेली माणसं आजही तिथेच नेतात. तो ना मिशनचा, ना मंदिराचा. सरकारी आहे.

माझी सूचना साधी आहे. यंदाच्या त्या रविवारी केर दांपत्याबरोबर नरसा गौड यांचंही नाव वेदीवरून घ्यावं. दुसरं असं की आपल्या महिला मंडळाच्या फळांच्या टोपल्या दरवर्षी खाजगी नर्सिंग होममध्येच जातात. कोरंटीचं नाव काढलं की 'नको बाई, तिथली हवा' असं ऐकू येतं. निदान निम्म्या टोपल्या तरी नल्लकुंट्याला जाव्यात. वॉर्डात सोडत नसतील तर दारात बसलेल्या नातेवाईकांना द्याव्यात. फादरांना मी तसं लेखी दिलं आहे.

– एक निवृत्त शिक्षक, सिकंदराबाद