तारे झाकणारे ढग आणि दिवे

मृग नक्षत्र लागले की वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याचे वर्ष सुरू होते आणि हौशी आकाशनिरीक्षकाचे संपते. यात एक गंमत आहे. जूनच्या त्या दिवसांत सूर्यच मृगाच्या तारकांजवळ असतो. त्यामुळे आकाश निरभ्र राहिले तरी ते नक्षत्र दिसणार नसतेच. पुढे सप्टेंबर सरेपर्यंत दुर्बीण कपाटात राहते. १२-१३ ऑगस्टचा ययातीतील उल्कावर्षाव दरवर्षी पावसाळ्यातच येतो. ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहणही पावसाळ्यातच आले होते.

तरीही ढगांविषयी जाणकार निरीक्षक फारशी कुरकूर करीत नाही. ढगांना वेळापत्रक असते व त्याभोवती आपले वेळापत्रक बसविता येते. धनु राशीतील आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा जुलै-ऑगस्टच्या रात्री ढगांआड जातो. पण एप्रिलमध्ये पहाटे तीनला उठणाऱ्यास तो आग्नेयेस स्वच्छ दिसतो. ऑगस्टच्या उल्का हुकल्या तर १३-१४ डिसेंबरला मिथुनेतील उल्का आहेतच. शिवाय पाऊस हवेतील धूळ धुऊन नेतो. सप्टेंबरच्या पहाटे दक्षिण क्षितिजावर अगस्ती दिसू लागला की पाणी निवळते, असे पूर्वज म्हणत. आकाशही त्याच सुमारास निवळू लागते. ढग आज घेतात ते ऑक्टोबरात परत करतात.

दिवे मात्र घेतलेले परत करीत नाहीत. ढगाळ रात्री गावाबाहेर उभे राहून पाहावे. जेथे दिवे नाहीत तेथे ढग काळे दिसतात. वर्धा, हिंगणघाट यांसारख्या शहरांच्या दिशेचे ढग मात्र खालून उजळलेले असतात. तो उजेड आपण रस्त्यासाठी विकत घेतला होता आणि तो आकाशात गेला. पथदिव्यांचे वीजबिल करातून भरले जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ छंदिष्टांचा राहत नाही.

जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने पथदिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व देशभर सव्वा कोटीहून अधिक एलईडी दिवे लागले. प्रत्येक दिव्यामागे वीज वाचली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच कोळशाच्या संदर्भात दाखवून दिले होते की, एखाद्या साधनाचा वापर काटकसरीचा झाला की त्याची एकूण मागणी घटण्याऐवजी वाढू शकते. उजेडाचे तसेच झाले. तो स्वस्त होताच मंगल कार्यालये, पेट्रोलपंप, जाहिरातफलक व घरांची फाटके रात्रभर झगमगू लागली. त्यातही पांढऱ्या दिव्यातील निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०११ ते २०२२ या काळात रात्रीच्या आकाशाची उजळणी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढली. त्यातील निरीक्षणे मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेतील असली, तरी आपली वाटचाल त्याच दिशेने आहे.

दिवा लावणाऱ्याला यातील काहीच किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो शेजारी, निशाचर प्राणी आणि ज्याने आकाशगंगा केवळ पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिली तो विद्यार्थी. एकाचा सोयीचा खर्च दुसऱ्यावर पडतो, तेव्हा नियमन आवश्यक ठरते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा होय.

अंधार म्हणजे असुरक्षितता, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भारनियमनाचे दिवस परत यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. रात्री शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला रस्ता दिसलाच पाहिजे. पण डोळ्यांवर येणाऱ्या उघड्या दिव्याने डोळे दिपतात आणि त्यापलीकडची सावली अधिक गडद होते. वर झाकण असलेला, पिवळसर प्रकाशाचा दिवा कमी विजेत तोच रस्ता अधिक चांगला दाखवितो.

हे अशक्य नाही, याचा दाखला विदर्भातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या खेड्यांतील सार्वजनिक दिवे खाली तोंड असलेले बसविण्यात आले. वर्धा जिल्ह्यातही २०१४ मध्ये घोषित झालेला बोर व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या परिसरातील ग्रामपंचायतींनी असाच प्रयत्न का करू नये? शहरांत नगरपरिषदांनी नवे दिवे घेताना निविदेत झाकणाची अट घालावी आणि जाहिरातफलक रात्री अकरानंतर बंद करावेत. शाळा-महाविद्यालयांनी हिवाळ्यातील एका अमावास्येला मृगाच्या चौकटीत नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात, ते विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे आणि दरवर्षी नोंदवावे. या नोंदवहीस वहीच्या किमतीपलीकडे खर्च नाही. पाच वर्षांनी मात्र नगरपरिषदेपुढे ठेवण्यास पुरावा हाती असेल.

साधेपणाचा आणि अपरिग्रहाचा पाठ ज्या जिल्ह्यातील सेवाग्रामातून देशाला मिळाला, तेथे गरजेपुरताच उजेड वापरा, हे निराळे सांगण्याची वेळ येऊ नये. ढग ऑक्टोबरात आपोआप हटतील. दिवे आपल्यालाच झाकावे लागतील.